चौसष्ट पायऱ्यांचं गाव

पत्र २००३ सालच्या जुलै महिन्यात, एका बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास आलं. साडेतीनच्या आत ते न्हाणीतल्या बंबात जळून गेलं होतं. पाकिटात दोन कागद होते. त्यातल्या पहिल्या कागदाच्या पहिल्या तीन ओळी वाचल्या गेल्या. बाकीच्या ओळींत काय होतं, हे ज्यांना पत्र आलं होतं त्यांना सात महिन्यांनी कळलं.

पत्र आलं होतं रत्नागिरीतल्या एका रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रनना. त्यांना नाव होतं, पण ते मतदारयादीपुरतंच. भाजीवाली, पोस्टमन, सख्खा भाऊ, सगळे त्यांना मेट्रनबाई म्हणत. लग्न केलं नव्हतं. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं कौलारू घर, मागे न्हाणी, पुढे पडवी. या पडवीत १९९८च्या दिवाळीनंतर दर गुरुवारी चार ते साडेपाच पोर्तुगीज भाषेचा वर्ग भरत असे. प्रवेशासाठी वयाची अट होती, अठ्ठावन्न पूर्ण. सत्तावन्न वर्षांच्या एका कॅशियरला त्यांनी पायरीवरूनच परत पाठवलं होतं.

"अजून नोकरी आहे ना तुला? मोकळा होऊन ये."

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात वार्ताहर होतो. १९९९ साली या वर्गावर एक छोटी बातमी केली. छापून आली त्याच दुपारी मेट्रन कचेरीत आल्या. हातात कात्रण, त्यावर लाल शाईच्या तीन खुणा. माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, आधी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि मग बोलल्या.

"ब्याऐंशी. ठीक. हे 'वृद्धांचा विरंगुळा' कोणी लिहिलं?"

"मथळा उपसंपादक देतात, बाई."

"मग त्यांना सांग, विरंगुळा नाही तो. मी परीक्षा घेते, नापास करते. दुसरं, विद्यार्थी चौदा आहेत, तू बारा लिहिलेस. तिसरं, वर्गातले अण्णा कोर्टात बेलिफ होते. तू त्यांना वकील केलंस. सकाळपासून दोघंजण त्यांच्याकडे बांधाच्या भांडणाचा सल्ला मागायला येऊन गेले."

मी दुरुस्ती छापतो म्हणालो. दुरुस्ती नको, म्हणाल्या; दर गुरुवारी येऊन वर्गाला दहा मिनिटं परदेशच्या बातम्या वाचून दाखवायच्या. शिक्षेची मुदत त्यांनी सांगितली नाही. मी सहा वर्षं गेलो.

नाडी त्या सगळ्यांचीच मोजत. पोस्टमनची, रिक्षावाल्याची, मत मागायला आलेल्या उमेदवाराची. समोरचा बोलत असताना मनगट त्यांच्या हातात असे आणि तो जास्त बोलला तर त्या आकडा सांगून त्याला थांबवत. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाचा रक्तदाब घेतला जाई. निम्म्याहून अधिक लोकांचा वर गेलेला असला तर त्या फळ्यावरचं पुसून टाकत. "आज क्रियापदं नाहीत. नुसते शब्द." अण्णा बेलिफ यावर एकदा म्हणाले होते की परीक्षेच्या दिवशी मुद्दाम लोणचं खाऊन यावं. त्यांना पुढचे दोन गुरुवार अळणी जेवून आल्याचं सुनेचं पत्र आणावं लागलं.

पोर्तुगीजच का, असं पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं. उत्तर म्हणून त्या आत गेल्या आणि एक बादली, साबणाची वडी, चावी, घमेलं आणि दाराची एक गंजलेली बिजागरी घेऊन आल्या. वस्तू ओळीने मांडल्या आणि एकेकीचं पोर्तुगीज नाव सांगितलं. बाल्द. सबाऊं. शाव्ह. गमेला. बिझाग्र.

"अर्धी भाषा आपल्या न्हाणीत नि परड्यात पडलेली आहे. उरलेली अर्धी शिकायची."

"म्हणजे आम्ही जन्मभर पोर्तुगीज बोलत होतो नि घरच्यांना कळलं नाही?" अण्णा म्हणाले.

"घरच्यांना तुमचं मराठीही कळत नाही, अण्णा. बसा."

खरं कारण वेगळं होतं. त्यांच्यासोबत अनेक वर्षं काम केलेली एक गोव्याची नर्स त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली. जाताना तिने कॅसेटचा एक डबा आणि एक पत्ता दिला. पत्ता लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका लहान मच्छीमार गावातल्या निवृत्तांच्या शाळेचा होता. तिथे साठीच्या पुढची माणसं भाषा, नकाशे, ताऱ्यांची ओळख असं काहीबाही शिकत. दूरदेशच्या आपल्याच वयाच्या माणसांशी पत्रव्यवहार करणं हा तिथे अभ्यासाचा भाग होता. दरवर्षी शरदात शाळा एका परदेशी पाहुण्याला बोलावत असे. पाहुण्याने तीन आठवडे गावातल्या कुणाच्या तरी घरी राहायचं, वर्गात बसायचं आणि आपल्याकडचं काहीतरी शिकवायचं. त्यांच्यापैकीही कुणीतरी तसंच दुसऱ्या देशात जाई.

मेट्रननी त्या पत्त्यावर चौदा नावं पाठवली. चौदा उत्तरं आली. मेट्रनच्या वाट्याला आली ती एल्विरा नावाची निवृत्त सुईण. पहिली दोन वर्षं मेट्रन जे पत्र पाठवत ते एल्विरा लाल शाईने तपासून परत पाठवी, सोबत आपलं उत्तर. मेट्रनना हे पसंत होतं. "ही बाई सुधारते, कौतुक करत नाही," असं त्या म्हणत.

त्यांनी वर्गाला शिकवलेलं पहिलं क्रियापद 'वारणे' हे होतं. येणे, जाणे, जेवणे नंतर. तक्रार झाली तेव्हा म्हणाल्या, "या वयात ते आधी लागतं."

ते लागलंही. पाच वर्षांत चौदांपैकी चारजण गेले. त्याची त्यांनी एक पद्धत ठरवली होती. माणूस गेल्यानंतरच्या गुरुवारी सगळ्या वर्गाने मिळून त्याच्या परदेशातल्या पत्रमित्राला पत्र लिहायचं. पत्रात नाव, तारीख, आजार आणि 'शेवटचा पूर्ण केलेला धडा' एवढंच. त्यांतल्या बर्वेगुरुजींच्या पत्रात 'धडा एकोणिसावा' असं लिहिलं गेलं. दुखवट्याच्या पत्रात दुसरं काही लिहायचं नाही, हा त्यांचा नियम फार कडक होता. हवापाणी नाही, चौकशी नाही, काम तर नाहीच. अण्णांनी एकदा शेवटी 'तुमच्या गुडघ्याचं कसं आहे' अशी ओळ घातली होती. मेट्रननी सगळं पत्र पुन्हा लिहायला लावलं.

वर्गात 'अरेरे' म्हणायला बंदी होती. म्हणणाऱ्याने पडवीच्या बाहेर जाऊन, दहा आकडे पोर्तुगीजमध्ये मोजून परत यायचं.

वर्गात सगळ्यांत पुढे गेलेली विद्यार्थिनी म्हणजे कुसुमताई. त्या जयगडच्या. दर बुधवारी दुपारच्या एसटीने येत, मेट्रनकडे राहत आणि शुक्रवारी सकाळी परत जात. शिक्षण मराठी चौथी. त्या वर्गाला का आल्या, ते त्यांनी मला ओळखीच्या दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. त्यांचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो तरुणपणीच बोटीवर वारला आणि त्याला समुद्रातच दिलं. कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं. घरात कुणाला इंग्रजी येत नव्हतं. पगाराबद्दल असेल म्हणून ते फळीवर ठेवलं गेलं. चार दिवसांनी मास्तर गावाहून आले, तेव्हा त्यांनी वाचलं.

"चार दिवस मी कुंकू लावून फिरले, भाऊ. त्यात एका घरी हळदीकुंकवाला पण जाऊन आले. सासू म्हणाली, चार दिवस मढं घरात ठेवलंस गो. ती मरेस्तवर तेच म्हणायची."

मृत्यूचं पत्र घरात ठेवायचं नाही, वाचलं की लगेच फाडून टाकायचं आणि अंगावर पाणी घ्यायचं, ही रीत आमच्याकडे सगळीकडेच होती. कुसुमताईंच्या बाबतीत ती नुसती रीत राहिली नव्हती, धास्ती झाली होती. कुणाच्याही घरी असं पत्र आलेलं दिसलं की त्या ते हातातून काढून घेत. आणि परक्या भाषेतलं पत्र आपल्याला वाचता आलं पाहिजे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. भाषा कुठली, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं.

२००१ च्या जानेवारीत एल्विरा रत्नागिरीला आली. ठेंगणी, जाड, काळ्या कपड्यांतली बाई, पायात पुरुषी बूट. तीन आठवडे मेट्रनच्या घरी राहिली. दोघी पहाटे उठून मिरकरवाड्याला मासळीच्या लिलावाला जात. एल्विरा तारल्यांची टोपली बघून थांबायची, एक मासा उचलून त्याचे कल्ले बघायची आणि कोळणींशी हातवारे करून भांडायची. कोळणींनी तिला तिसऱ्या दिवसापासून 'ती सुईण' म्हणायला सुरुवात केली, कारण तिने तिथे एका अवघडलेल्या पोरीच्या पोटाला हात लावून 'मंगळवार' असं सांगितलं आणि ती पोर मंगळवारी बाळंत झाली.

गुरुवारी वर्गाने तिला प्रश्न विचारायचे, असं ठरलं होतं. पोर्तुगीजमध्ये. अण्णांनी आठवडाभर तयारी करून विचारलं, तुमच्याकडे सुना कशा वागतात? एल्विरा म्हणाली, लांबून चांगल्या वागतात. कुसुमताईंनी विचारलं, म्हाताऱ्या बाईला एकटीला कोण बघतं? एल्विराने थोडा विचार केला आणि म्हणाली, नशीब असेल तर दुसरी म्हातारी. हे वाक्य मेट्रननी फळ्यावर लिहून घेतलं आणि त्यातलं क्रियापद सगळ्यांकडून चालवून घेतलं.

निघताना एल्विराने मेट्रनना सांगितलं की आता तू ये. माझ्या घरापासून वाळूपर्यंत चौसष्ट पायऱ्या आहेत. वरच्या खोलीच्या खिडकीतून सगळा समुद्र दिसतो. ती खोली तुझी.

मेट्रन त्यानंतर हे गाव वर्गात इतकं वर्णन करून सांगत की अण्णा त्याला 'आपलं चौसष्ट पायऱ्यांचं गाव' म्हणू लागले. मेट्रनना ते आवडलं नाही. "मी बघितलेलं नाही ते. ऐकीव गोष्टीवर मी सही करत नाही."

२००२ च्या पावसाळ्यात त्यांनी वर्गाला एका वाक्यात सांगितलं की काचबिंदू आहे, डावा डोळा गेल्यात जमा आहे आणि उजव्याचं वर्ष-दीड वर्ष धरा. थेंब चालू होते. त्यांनी पासपोर्टचा अर्ज त्याच महिन्यात केला. मी त्यांना कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरना दाखवा म्हणालो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मला निदान कळतं रे. मला वेळ हवाय. डोळे आहेत तोवर एकदा ते गाव बघून येते. बाकी माझं कुठे काही अडलेलं नाही."

शाळेने त्यांना २००३ च्या सप्टेंबरसाठी बोलावलं. मे महिन्यापर्यंत सगळं ठरलं. उजव्या डोळ्याला पेपरचे मथळे दिसत, खालचा मजकूर नाही. एल्विराची पत्रं तेव्हा कुसुमताई वाचून दाखवत. मेट्रन घरात उजवा डोळा झाकून चालायचा सराव करत होत्या. तो का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "परत येताना उपयोगी पडेल."

जुलैतल्या त्या बुधवारी काय झालं, ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. तपशील जुळतात. कुसुमताई दुपारी एसटीने आल्या होत्या. पोस्टमनने पाकीट त्यांच्याच हातात दिलं. पाकिटाला काळा काठ होता आणि अक्षर एल्विराचं नव्हतं. कुसुमताईंनी ते पडवीतच, उभ्यानेच उघडलं. तिसऱ्या ओळीत त्यांना ते क्रियापद दिसलं, वर्गातलं पहिलं, 'वारणे'. लिहिणारी एल्विराची मुलगी होती.

"बाई, एल्विराबाई गेल्या."

मेट्रन आत खाटेवर बसल्या होत्या. "कशाने?"

"तेवढं मी नाय बघितलं."

कुसुमताई बोलत बोलतच न्हाणीकडे गेल्या होत्या. बंब पेटलेला होता. दोन्ही कागद आणि पाकीट त्यांनी आत टाकलं. मग त्यांनी मेट्रनना न्हायला घातलं, आणि नंतर स्वतः न्हाल्या. मेट्रननी त्यांना थांबवलं नाही. मी हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "कशाला थांबवू? मृत्यूचंच होतं ना ते."

दुसऱ्या दिवशीच्या वर्गात दुखवट्याचं पत्र लिहिलं गेलं. मुलीच्या नावे, चार ओळींचं. पाकिटाच्या मागचा पत्ता जळाला असला तरी तो सगळ्यांना पाठ होता. नियमाप्रमाणे त्यात दुसरं काही नव्हतं. सप्टेंबरचा उल्लेख नव्हता. अण्णांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं की बाईंच्या जाण्याचं आता काय. मी तो प्रश्न पुढच्या आठवड्यात मेट्रनना विचारला.

"ज्या घरात मढं पडलंय, त्यांना मी विचारू, माझी खोली तयार आहे का म्हणून? बोलवायचं असेल तर ती मुलगी बोलवेल."

मुलीचं पत्र ऑगस्टमध्ये आलं नाही. सप्टेंबरमध्येही आलं नाही. दसऱ्याच्या सुमारास मेट्रनना पेपरचे मथळे दिसेनासे झाले. नाताळापर्यंत उजव्या डोळ्याला दार उघडं आहे की बंद, एवढं कळत होतं.

२००४ च्या फेब्रुवारीत मुलीचं दुसरं पत्र आलं. हे इंग्रजीत होतं, टाइप केलेलं, साध्या पाकिटातलं. सोमवार होता, कुसुमताई जयगडला होत्या. मेट्रननी मला निरोप पाठवून बोलावलं. मी पडवीत बसून वाचलं. मुलीने लिहिलं होतं की आईचे कागद आवरताना तुमची सगळी पत्रं सापडली, ती तुम्हाला परत हवी आहेत का. पुढे असं होतं: आईने आजारी पडण्याआधी तुमची खोली स्वतः लावून ठेवली होती. ती गेली तरी तुम्ही यावं, अशी तिची इच्छा होती. म्हणून मी पहिल्या पत्रात तुम्हाला विचारलं की तुम्ही ठरल्याप्रमाणे याल ना. शाळेने तुमची जागा ऑगस्टअखेरपर्यंत ठेवली. तुमचं सांत्वनाचं पत्र मिळालं. त्यात येण्याबद्दल काहीच नव्हतं. आईशिवाय या घरात येणं तुम्हाला जड जात असेल असं मी समजले आणि पुन्हा विचारणं बरं दिसलं नाही. तुमची जागा मग दुसऱ्या देशातल्या एका गृहस्थांना दिली गेली.

"पुन्हा वाच," मेट्रन म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"ऑगस्टअखेर."

"हो."

"ऑगस्टमध्ये मला तुझ्या पेपरचं नाव दिसत होतं."

त्यांनी हात पुढे केला, मी मनगट दिलं. त्यांनी नाडी मोजली नाही, नुसतं धरून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुसुमला हे कळायचं नाही. वर्गालाही नाही. पेपरात तर नाहीच."

"त्यांनी विचारलं तर?"

"काय विचारणार? विचारायचं काय आहे, हेच तिला माहीत नाही."

पत्र त्यांनी स्वतःजवळ घेतलं. त्याचं पुढे काय केलं, ते मला ठाऊक नाही.

वर्ग चालू राहिला. मेट्रन सगळ्यांना आवाजावरून आणि मनगटावरून ओळखत. रक्तदाबाचं यंत्र अण्णा वाचत आणि स्वतःचा आकडा कमी करून सांगत. मेट्रन त्यात न बोलता वीस मिळवत. फळा बंद झाला, सगळं तोंडी झालं.

२००५ च्या वसंतात शाळेकडून पुन्हा बोलावणं आलं, एका माणसासाठी. मेट्रननी वर्गात जाहीर केलं की कुसुम जाईल.

"मी? बाई, मी मुंबईच्या पलीकडे नाय गेले कधी."

"तुझा नवरा सगळी बंदरं फिरला."

"फिरला नि राहिला तिथंच."

"म्हणून तर तू परत येऊन दाखव."

वर्ग हसला. कुसुमताई हसल्या नाहीत, पण पासपोर्टच्या फोटोला त्या शुक्रवारी गेल्या. तिथे गेल्यावर एल्विराची मुलगी त्या पत्राचा विषय काढेल, हे मी मेट्रनना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी ते आधीच धरलं होतं. त्यांनी मला इंग्रजीत पत्र सांगितलं आणि मी ते लिहिलं. येणाऱ्या बाईंसमोर २००३ च्या पत्राबद्दल काहीही बोलू नये, एवढाच मजकूर. मुलीचं उत्तर आलं: बोलणार नाही.

"पण दुसऱ्या कुणाला पाठवा ना," मी म्हणालो. "दुसरीही माणसं आहेत वर्गात."

"अण्णांना विचारलं तर ते मला गोष्ट सांगतील. कुसुम रिपोर्ट देईल. मला रिपोर्ट हवाय."

त्यांनी अकरा गोष्टींची यादी सांगितली. पायऱ्या मोजणे. खिडकीतून समुद्र किती दिसतो. शाळेत बाकं की खुर्च्या. मासे वाळवायच्या तारा जमिनीपासून किती उंच. एल्विराच्या थडग्यावर काय लिहिलंय. कौलं कुठल्या रंगाची. अशा अकरा. कुसुमताईंनी यादी पाठ केली आणि सप्टेंबरमध्ये गेल्या. तीन आठवड्यांत त्यांच्याकडून एक कार्ड आलं. त्यात पोर्तुगीजमध्ये लिहिलं होतं की प्रकृती बरी आहे आणि त्या तिथल्या बायकांना सुक्या सोड्यांची आमटी शिकवत आहेत.

ऑक्टोबरच्या एका मंगळवारी दुपारी त्या मुंबईहून रेल्वेने रत्नागिरीला उतरल्या. मी स्टेशनवर गेलो होतो. त्या बारीक दिसत होत्या. रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. मेट्रन पडवीत तयार बसल्या होत्या, धुतलेलं लुगडं नेसून, पाठ ताठ.

"पायऱ्या?"

"एकसष्ट, बाई. दोनदा मोजल्या. खालच्या तीन वाळूत गेल्यात."

"खिडकी?"

"अर्धा समुद्र दिसतो. पुढे नवीन घर झालंय. खाटेवर उभं राहिलं तर सगळा दिसतो."

"तू उभी राहिलीस?"

"राहिले."

"थडगं?"

"नाव, दोन तारखा. नि खाली सुईण म्हणून लिवलंय."

अकराही गोष्टी झाल्या. कुसुमताईंनी काही वाढवून सांगितलं नाही, काही गाळलंही नाही. यादी संपल्यावर मेट्रननी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "राहा आता. परवा वर्ग आहे. तू घ्यायचास."

"घर तीन आठवडे बंद हाय, बाई. जाते."

त्यांनी मेट्रनच्या पायावर डोकं ठेवलं. हे त्या कधी करत नसत. मेट्रननी त्यांचं मनगट शोधलं, पण त्या उठल्या होत्या.

मी त्यांची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेलो. जयगडची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या.

"भाऊ, एल्विराबाईच्या घरात वरच्या खोलीच्या दाराला आतून कागद लावलाय. बाईंचं नाव. खाली लिवलंय, सप्टेंबर दोन हजार तीन. अक्षर एल्विराबाईचं नाय, मुलीचं. एल्विराबाई तर त्याच्या आधी गेली. मग सप्टेंबरात खोली कोणासाठी ठेवली?"

मी पिशवी त्यांच्या हातात दिली.

"त्या मुलीला विचारलं मी. ती काय बोलली नाय. रडायला लागली." त्या थांबल्या. "मी तीन ओळी वाचल्या त्या पत्रातल्या. खाली होतं ना ते?"

"हो."

"बाईंना ठाऊक हाय?"

"दीड वर्षापासून."

"नि तरी मलाच पाठवलं."

कंडक्टरने दार ओढून घेतलं. त्या आत जाऊन बसल्या, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी. गाडी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली.

हे बोलणं मी मेट्रनना सांगितलं नाही.

त्या आठवड्यात गुरुवारच्या वर्गाला सातजण होते. मी बातम्या वाचल्या. अण्णांनी रक्तदाबाचे आकडे सांगितले. मेट्रननी विचारलं, "कुसुम?" कुणीतरी, नाही आल्या, म्हणालं. त्यांनी धडा सुरू केला. पुढचे चार गुरुवार त्यांनी हेच विचारलं. त्यानंतरच्या गुरुवारी विचारलं नाही.